सत्ती-दुर्री

बंदीचे दोन महिने. सर्जेकोटला
होड्या झापांखाली झोपलेल्या,
बर्फाचा कारखाना बंद, आत थोडा गारवा शिल्लक
आणि बांगड्याचा वास, जो कधी सुट्टीवर जात नाही.
तिथे उलट्या क्रेटवर
बस्त्याव मेंडीस पत्ते पिसतो.

बावीस वर्षं तेलाच्या जहाजावर भटारी.
आखातातून त्याने आणलं एक घड्याळ,
दोन दुखरे गुडघे
आणि हा खेळ: तुझ्या हातात दोनच पानं,
बाकीची पाच सगळ्यांसमोर उघडी,
गावातल्या भांडणासारखी.

पैसे नाहीत. काजूच्या बिया.
भाव चढेल म्हणून आईने राखलेल्या गोणीतून
मी दोन शेर काढल्या.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक डाव खेळलो.
सत्ती-दुर्री आली तरी, तीही वेगवेगळ्या रंगांची.
वाटायचं, पंगतीत वाढलेलं टाकायचं नसतं.
बस्त्याव बिया ओढून घेत म्हणाला,
"रापण काय रोज लावतत रे?
आधी पाणी बघतत, मगे दोरी धरतत.
पानां टाकूक शिक.
पैशे टाकूक खयच्याय माणसाक येतत."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शिकणं नव्हे.

दुसऱ्या दिवशी माझे चार बदाम जमले.
एकच पान उघडायचं उरलं होतं.
पाचव्यासाठी पस्तीस बिया घातल्या.
आली चौकटची पंजी.
तीही लालच, म्हणून डोळे क्षणभर फसले
आणि मी हसलोसुद्धा.
हरेश्वर तांडेल सोसायटीत डिझेलचा हिशेब लिहितो.
तो म्हणाला, न दिसलेली पानं शेहेचाळीस,
त्यात बदाम नऊ. पाचात एकदा येणार.
आणि तू चाळीसच्या ढिगासाठी पस्तीस घालतोस?
एवढं तो सोसायटीच्या सभेतही बोलत नाही.

मग थाप मारायची हौस आली.
हातात काही नसताना अख्खी ओंजळ पुढे सारली,
आणि सारली कुणासमोर, तर गुणाजी केळुसकरासमोर.
गुणाजी जन्मात कशाला घाबरलेला नाही,
कारण त्याला ऐकूच कमी येतं.
"किती?" एवढंच विचारून त्याने तितक्या मोजल्या.
त्याच्याकडे छक्क्यांची जोडी होती. पुरली.

त्या रात्री घरी जाऊन परत आलो,
खिसे पुन्हा भरून.
गेलेलं आजच परत आणायचं होतं.
त्या तासात काय खेळलो, आठवत नाही;
गोणी किती हलकी झाली, ते आठवतं.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगेना.
दोन एक्के आले, की सगळे पानं टाकून मोकळे.
मी दोन बिया जिंकायचो, फार तर तीन.
शेवटी मुनाफ, कारखान्याचा राखणदार,
जो कधी खेळत नाही, नुसता बसतो,
तो म्हणाला, "चांगलं पान आलं की तू पाणी पितोस.
तांब्याला हात लागला, की हे उठतात."

बंदी उठायच्या आदल्या संध्याकाळी
हातात राण्यांची जोडी. समोर उघडा एक्का.
हरेश्वर, जो महिनाभर मोजून दोन-दोन टाकत आला,
त्याने साठ ठेवल्या. हळू. कडा जुळवून.
माझ्यानंतर बोलायला कुणी नव्हतं.
बाहेर कोणी तरी इंजिन सुरू करून बघत होतं,
ते दोनदा खोकलं, बंद पडलं.
मी राण्या पालथ्या टाकल्या.
हरेश्वरने आपली पानं गड्डीत मिसळली,
दाखवली नाहीत.
त्याच्याकडे एक्का होता की नुसतीच ती साठ बियांची ओळ?
त्याच्या होडीवर मी आता रोज जातो.
विचारलं, तर वल्ह्याकडे बघतो.

आईने नारळी पौर्णिमेनंतर गोणी उचलून पाहिली.
हलकी कशी, म्हणाली.
मी सांगितलं, उंदीर,
आणि हात आपोआप तांब्याकडे गेला.

तो तिने आधीच भरून ठेवला होता.