रात्रपाळी

पहिला ढीग दिसला मार्चच्या सोळाला.
टूथब्रश तोंडात तसाच धरून
एडविन खिडकीशी उभा.
"डोरीन," म्हणाला, "खाली कुणीतरी कामाला लागलंय."

आमचं लॉन ते केवढं, दोन चादरींएवढं.
पण कडा गुडघ्यावर बसून कात्रीनं कापलेल्या,
आणि डरहमच्या या गल्लीत
माणसाची पत ठरते लॉनवरून,
नाहीतर त्याच्या वाफ्यातल्या लीकच्या जाडीवरून.

आठवड्यात नऊ ढीग.
मग जो तो वैद्य.
कुणी म्हणालं लसूण, कुणी डांबरगोळ्या,
चर्चमधल्या मिसेस थर्लवेल म्हणाल्या भिरभिरी खोचा,
त्यांना हादरे सोसत नाहीत.
रिकाम्या बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या,
वारा सुटला की अख्खं लॉन हूं हूं करायचं,
मला रात्री उठून दार लावून घ्यावं लागायचं.

मोल लसणाला वळसा घालून
बरोबर भिरभिऱ्याच्या बुडाशी वर आला.
ढिगाच्या टोकावर ते फिरत राहिलं,
शिखर सर केल्यासारखं.

व्हॅन घेऊन एक पोरगी आली, कर्स्टी,
मोल धरणं हाच तिचा धंदा.
एका मोलचं मोल चाळीस पौंड.
"पहिल्या वर्षी मला महिन्याला मिळत नव्हते एवढे,"
एडविन म्हणाला, आणि तिला चहा देऊन वाटेला लावलं.

माझी आठ नंबरची विणायची सुई मागून घेतली.
गवतावर पालथा पडला, सत्तरीचा माणूस,
सुई टोचत, कान लावत,
मग कोपरापर्यंत हात आत.
बराच वेळ तसाच.
"टेकू नाही, फळी नाही," म्हणाला,
"आणि छत बघ कसं धरलंय."
चार तास खणतो, चार तास झोपतो,
पुन्हा चार तास.
"आमच्या युनियनला हे कधी जमलं नाही."

सापळा त्यानंच लावला. गुरुवारी.
शुक्रवारी पेपरात ठेवून स्वयंपाकघरात आणला.
मला वाटलं होतं, मोठा असेल.
चहाच्या कपात मावला असता.
अंगावरून कुठूनही कुठेही बोट फिरवा,
लव उलटी म्हणून होतच नाही.
पण हात.
गुलाबी, रुंद, तळवे बाहेर वळलेले,
जणू दार लोटताना थांबलाय.

एडविननं आपला हात शेजारी ठेवला.
कातडीखाली कोळशाचे निळे डाग,
एकतीस वर्षांचे.
मी वाट पाहिली, काही बोलला नाही.
कोपरापर्यंत हात धुतले,
पूर्वी पाळीवरून आला की धुवायचा तसे,
आणि टोस्ट मागितला.

अकरा दिवस लॉन सपाट.
बिलियर्डचं टेबल.
रात्री खोकला आला की उठून
स्लिपर घालून बाहेर जायचा,
टॉर्च पायाशी,
आणि लगेच आत यायचा नाही.

बाराव्या दिवशी ढीग.
त्याच रेषेत, त्याच बोगद्यावर.
कर्स्टी सांगून गेलीच होती:
घर रिकामं झाल्याचा वास लागतो त्यांना,
कुणीतरी येतंच.

ब्लॅकरिगची खाण बंद झाली तेव्हा
ट्रकामागून ट्रक काँक्रीट ओतलं होतं शाफ्टात.
आता वर गालिच्यांचं दुकान आहे,
आमचा हॉलमधला तिथलाच, सेलमधला.
"आमच्यामागून कुणी आलं नाही,"
एडविन म्हणाला. मला नव्हे,
त्या भिरभिऱ्याला.

सापळा शेडमध्ये खिळ्याला अडकवला.
बादली आणली.
खालून आलेली माती, चाळून दिल्यासारखी,
एक खडा लागेल तर शपथ.
चिमूट तोंडाशी नेऊन हुंगली
आणि सगळी लीकच्या वाफ्यात ओतली.

सप्टेंबरात प्रदर्शन आहे.
पोटरीएवढे झालेत.
कुणी विचारलं, घालतो काय तुझा नवरा,
तर सांगायचं नाही,
मला बजावून ठेवलंय.