नाबरबाईंचा वर्ग

चरईत, पिठाच्या गिरणीच्या वर,
दर शनिवारी साडेसहाला.
फी आधी. चपला भिंतीशी, टाचा जुळवून.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘आत या.’
मी तर आतच उभा होतो.
‘आत या,’ त्या पुन्हा म्हणाल्या,
तेव्हा बाहेर जाऊन आलो.
अकरा वेळा.

‘हे तुम्ही पतपेढीत शिरताय.
राजाच्या दारात माणूस असा येत नाही.
आधी नजर येते, मग मान.
पाय सगळ्यात शेवटी, तेही विचारून.’

खाली गिरणीचा पट्टा थडथडत होता.
‘फरशी थरथरते म्हणून
तुम्ही थरथरायचं कारण नाही.’

बावन्नाव्या वर्षी
दोन स्वगतं घोकून गेलो होतो,
शर्टाला कडक इस्त्री.
स्वगतं खिशातच राहिली.
बाईंनी घड्याळ पाहिलं, दिवा मालवला.

तलावपाळीला वळसा घालून घरी आलो.
लॅच उघडलं आणि उंबऱ्यावर थांबलो.
नजर आत पाठवली:
वृंदा मटार सोलत बसलेली,
एक दाणा कोचाखाली घरंगळलेला,
तिच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली.
कधीपासून?

तिनं वर पाहिलं.
‘काय हो, काही विसरलात?’

‘परत येतो,’ म्हटलं,
आणि बाहेर गेलो.