एकतिसावा रकाना

महापे, इमारत सात, रात्रीचे पावणेदोन.
पतपेढीची यादी आली आहे घणसोलीहून,
स्वल्पविरामांनी तोडलेली,
प्रत्येकाची ओळ ज्याच्या त्याच्या ऐपतीची.

मेनफ्रेमला असलं खपत नाही.
नाव तीस, पत्ता पस्तीस, शिल्लक पंधरा,
ऐंशीच्या ऐंशी, खातं कुणाचंही असो.

जोमा ठाकूर सोपा.
इंग्रजीत अकरा रकाने, मधली फट धरून.
उरलेले एकोणीस मी भरते
म्हणजे मोकळेच ठेवते, पण मोजून.
ह्याचा पगार मिळतो
हे आईला अजून पटलेलं नाही.

चारशे बाराव्या ओळीत शिल्लक म्हणून आलं: तलावामागे.
पत्ता सांगताना कुणीतरी दम घेतला असणार,
कारकुनाने तिथे स्वल्पविराम दिला
आणि प्रोग्रॅमला वाटलं, हा बांध.
पुढचं सगळं एकेक घर सरकलं.
अवतरणचिन्हांचं कुंपण घातलं, परत चालवलं.
आता तलाव तलावाच्या जागी.

मग ही.
हिराबाई पदाजी म्हात्रे मयत वारस चांगुणा.
मोजलं. बोटाने, काचेवर, पुन्हा एकदा.
मयत बसतं, अख्खं.
वारस मात्र 'वा'वर तुटतो,
चांगुणा तर कशातच नाही.
हिराबाई मयत, वा, म्हणतो पडदा.

पराग फोनवर: काप ना. तीसच्या पुढचं कोण वाचतं?
खरंय. पासबुकही तीसच छापतं.

मी खिडकीशी गेले. खाली एमआयडीसीचा रस्ता,
प्लॉटला प्लॉट, कोपऱ्यांत काटकोन.
इथे खाचरं होती तेव्हा बांध वाकडे असणार,
पाणी वळेल तसे.
कुणाचं किती हे लोकांना तोंडपाठ,
आणि तेही कधी कधी चुकीचं.

परत बसले.
हिराबाईची ओळ बाजूच्या फाईलमध्ये टाकली,
न बसणारे जातात तिथे,
आणि पतपेढीच्या मॅनेजरला लिहिलं:
चांगुणा कोण, मुलगी की सून? हयात आहे का?
तिच्या नावाची वेगळी ओळ करता येईल का?

साडेतीनला जॉब संपला.
नऊ हजार सहाशे एक ओळी आत, एक बाहेर.
परतीचा कोड शून्य नाही, चार.
म्हणजे काम झालं, पण
सकाळी कुणीतरी बघून घ्या.