अडतीस टक्के

थोरल्या दवाखान्यात हात दाखवायला
माझी पाळी आली दुपारी बाराला.
तिथंच घोळ झाला.

बाराला माझे हात बरे असतात.
पहाटे पाचला बघा म्हणावं.
तेव्हा बोटं माझी नसतात,
रात्रभर कुणी त्यांत शिसं ओतून ठेवलेलं.
नळाला चिंधी बांधलीय, तरी फिरत नाही.
दुधाची पिशवी दातानं फोडते.
ब्लाउजचे हुक भूपाल लावतो,
चष्मा शोधून, पुटपुटत, एकेक,
पैंजणाची कडी जुळवावी तसा.
(एकतीस वर्षांच्या संसारात
काढायचे तेवढे माहीत होते त्याला.)

हुपरीत चोवीस वर्षं घुंगरू जोडले.
डोळ्यांना दिसायच्या आधी
कडी बोटांना दिसायची.
आता घुंगरू सुटतो,
फरशीवरून पार उंबऱ्यापर्यंत वाजत जातो,
मी नुसती ऐकते.
शेठ काही बोलले नाहीत.
माल कमी कमी यायला लागला.

डॉक्टर पोरगेलासा. चांगला होता.
म्हणाला, मूठ वळा मावशी.
येताना एसटीत उन्हाच्या बाजूला बसले होते,
बोटं शेकून सैल झालेली.
मनात म्हटलं, बायांनो,
आजच्या दिवस तरी वळू नका.
वळली.
घरात एक काम न ऐकणारी,
परक्यासमोर कशी शहाण्यासारखी वागली!
त्यानं कोन मोजला, रबरी फुगा दाबायला दिला.
पहाटे पाच लिहायला
त्या कागदावर रकाना नव्हता.
आणि हुकांचं मीच सांगितलं नाही.
पोराच्या वयाचा तो.

"राजमती भूपाल मगदूम," खिडकीतून हाक आली.
"अडतीस."
चाळीस लागतात.

गल्लीत शोभाक्का वाट बघत उभी.
"किती पडले गं?"
"अडतीस."
"मग पास की! आमच्या सुदर्शनला पस्तीसवर सोडलं."
दोघी हसलो.
हसता हसता तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली,
न विचारता.

रात्री भूपाल मोबाइलवर गजर लावत बसलेला.
साडेचारचा.
"कशाला?"
"पाचला व्हिडिओ काढतो तुझ्या हातांचा.
दाखवूया की त्यास्नी."
मी म्हटलं, "आणि हुक कोण लावणार मग?"

बराच वेळ तो
मोबाइल या हातातून त्या हातात
करत राहिला.