नेहमीचे राहण्याचे ठिकाण

पहिल्या घराला कुलूप.
दुसऱ्यालाही, पण दारातली तुळस ओली.
तिसऱ्या घरात हौसाबाई. वय?
"बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली
तवा थोरला पोटात हुता. करा तुमीच हिशेब."
मी करते, लिहिते.
ती आकडा ऐकून म्हणते, "लई झालं बाई, जरा कमी करा."

बोरजाईवाडीचे सोने गाळणारे हात
कोइमतूरला, कानपूरला, गुवाहाटीला.
इथे त्यांचे तीन मजली बंगले,
गच्चीवर सिमेंटचा गरुड, खाली गोदरेजचं कुलूप,
आणि राखणीला केराप्पा.
त्याचं स्वतःचं घर परवाच्या पावसात बसलं.
सात बंगले, सात रात्री,
रोज एका ओट्यावर त्याचं अंथरूण.
त्याला कुठल्या घरात मोजू?

पाराखाली अकरा जण, सगळे तिशीपुढचे.
वैवाहिक स्थिती?
दिनकर मोबाइलवरून मान वर करतो,
"बाई, 'अजून' असं लिवा."
हसतात सगळे, मग हसायचे थांबतात.
शून्य ते सहा: मुलगे चौदा, मुली नऊ.
मी बेरीज दोनदा केली.
माझ्या वर्गातही तसंच,
कवायतीत जोड्या लावताना दोन पोरं उरतात.

बिरूच्या वाड्यावर कुणी नाही, कळप कोकणात.
फोनवर वाऱ्यातून त्याचा आवाज:
"मेंढरं रोज मोजतो बाई.
माणसं कशापायी मोजायची?"

सुभाष गलाईवाल्याने सिलिगुडीहून बायको आणली.
मौसुमी. भाकरी थापते, आता फुगतेसुद्धा.
मातृभाषा?
"मराठीच की," सासू आतून.
मी पेन उचलून तशीच बसले.
तव्यावर एक बाजू करपल्याचा वास.
"बांगला," ती म्हणाली,
आणि भाकरी उलटली.

चैत्रात यात्रेला या म्हणजे बघाल.
तमिळनाडूच्या नंबरप्लेटी थेट ओढ्यापर्यंत,
दोन हजार माणूस, तीन टँकर,
मराठीत भांडणारी आणि हिंदीत रडणारी पोरं.
तिसऱ्या दिवशी पत्रावळींवर कुत्री.
पण मोजणी माघात असते.

माझं म्हणाल तर मी इथली नाही.
चौदा वर्षं विट्याहून सव्वानऊची एस.टी.
कुणाचा दात कधी पडला, मला पाठ,
तरी या गावच्या बेरजेत मी नाही.
तिकडे विट्यात मोजायला आले
तेव्हा माझ्या दाराला कुलूप.
शेजारणीने सांगितली माझी माहिती,
वय दोन वर्षं कमी.
मी दुरुस्त करायला गेले नाही.

एकूण तीनशे सत्त्याऐंशी.
खाली सही, शिक्का.

शेवटच्या रात्री बेघरांची मोजणी.
देवळाचा मंडप, स्टॅण्डची शेड, सगळीकडे बॅटरी फिरवली.
कुणी नाही.
चौथ्या बंगल्याच्या ओट्यावर केराप्पा उठून बसला,
कमरेचा जुडगा वाजला.
"काय लिवताय बाई माझं?"
मी बॅटरी खाली केली. कागदावर शाई उठेना,
थंडीने की कशाने.
"बसा," तो म्हणाला,
आणि घोंगड्याचं टोक
माझ्यासाठी सरकवलं.