एफ बत्तीस

दिवसा मी आजारांना आकडे लावतो.
शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
दमा म्हणजे जे पंचेचाळीस,
कंबरदुखी एम चोपन्न,
आणि एफ बत्तीस आला, उदासीचा,
की बोट आपसूक नामंजूरवर जातं.
पॉलिसीत बसत नाही.
पगार त्याचाच मिळतो.

अंबाजोगाईच्या वॉर्डात रात्री तीनला
मी एक अडलेली बाळंतीण मोकळी केली होती.
ती पोर आता दुसरीत असेल.
इथे कुणाची नाडी धरायची तर कागद लागतो.
कागद तपासायला गेलेत,
तपासणाऱ्यांचेही कागद कुठेतरी
तपासायला गेले असावेत.

खोलीत सहा पलंग, एकावर एक.
माझ्या खाली मुतासिम, ओमदुरमानचा,
लहान मुलांचा डॉक्टर होणार आहे.
तीन वर्षं झाली, होणार आहे.
व्हिसा संपत आला की बसने ओमानच्या सीमेवर जातो,
शिक्का मारून घेतो, त्याच बसने परत.
समुद्र कसा आहे तिकडचा, विचारलं तर म्हणाला,
बघितला नाही.

गुरुवारी यादी लागली.
तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून.
शुक्रवारी कुणी बिर्याणी आणली, उठला नाही.
फोन वाजत राहिला उशीखाली,
पडद्यावर अरबीत आई.

मी वरून बघत होतो. भूक नाही.
झोप नाही, नुसते मिटलेले डोळे.
लक्षणं ओपीडीतल्यासारखी रांगेत येऊन बसली.
आकडा जिभेवर आला
आणि बोट, अंधारात,
नामंजूर शोधू लागलं.

बाबांनी पाटी रंगवून घेतली आहे:
डॉ. आणि पुढे माझं नाव.
कपाटामागे आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून.
रविवारी विचारतात, लागला का नंबर?
मी म्हणतो, चालू आहे.
हे 'चालू आहे' मी आता इतकं छान म्हणतो
की मलाच बरं वाटतं,
फोन ठेवेपर्यंत.

शनिवारी रात्री शिडी उतरलो.
त्याच्या कडेला बसलो, लोखंड करकरलं.
दोघांच्याही नसलेल्या भाषेत विचारलं
तेच, जे हजार जणांना विचारलं होतं
केसपेपरवर लिहिता लिहिता, मान वर न करता:
झोप लागते का?

एसी बंद पडला. पुन्हा सुरू झाला.
तो वळला.
माझं मनगट ओढून घेतलं,
तीन बोटं टेकवली,
मोबाइलच्या उजेडात सेकंद बघत म्हणाला,
आणि तुला?

मी काही बोललो नाही. तो मोजत होता.
पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं
हे आम्ही सगळेच करतो.
त्याने पूर्ण मिनिट मोजलं.