एकोणपन्नास

"एकोणसाठ झाले," भाजीवाल्या हांडेबाई म्हणतात
आणि शाल्मली माझ्याकडे बघते.
फिफ्टी नाइन, मी हळूच सांगते.
हांडेबाई कोथिंबिरीची जुडी झटकत
हसतात न हसतात.

धायरी फाटा, संध्याकाळचे सात,
स्कूटर नो पार्किंगमध्ये,
आणि मला आत्ताच शिकवायचं असतं:
एकोण म्हणजे एक उणा. साठाला एक कमी.
"मग पन्नासवर नाइन का नाही?" ती विचारते.
मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतो.
मला बरंच वाटतं.

दिवसभर मी नऱ्ह्याच्या एका शेडमध्ये पिना मोजते.
पंचवीस मिलिमीटर.
दोन शतांश कमी भरली की लाल ट्रे.
हाताला सवय झालीय,
आता मायक्रोमीटर लावायच्या आधीच
बोटांना कळतं काय कमी आहे.

तीच बोटं गेल्या गुरुवारी
गणिताच्या पेपरवर फिरली.
पन्नासपैकी एकोणपन्नास.
मी पान उलटलं, परत उलटलं,
तो एक कुठे गेला ते सापडेपर्यंत.
सापडला. उत्तर बरोबर होतं,
पुढे सेंमी लिहायचं राहिलं होतं.
ती एक मोजा काढून, एक पायात ठेवून
उभी होती माझ्यासमोर.
मग मी छान म्हणाले.
व्हॅन चुकलेल्या पोरासारखं
ते छान धापा टाकत आलं.

(व्हॅनवाले ढमालेकाका म्हणतात,
तुमची पोरगी गाडीत सगळ्यात जास्त बोलते, मॅडम.
घरी नाही बोलत एवढी, असं मी म्हटलं नाही.)

माझ्या वडिलांना औटकी पाठ होती.
झोपेतून उठवून विचारा, साडेतीन सत्ते साडेचोवीस.
सासवडच्या शाळेत मी तीसपर्यंत पाढे म्हटले,
खिडकीचे गज मोजत, गळ्याच्या शिरा ताणून.
हिला बारापर्यंत येतात, तेही अडखळत.
पण मंगळाच्या दोन्ही चंद्रांची नावं येतात,
आणि "का" विचारायला ती उभी राहत नाही,
बसल्या बसल्या विचारते.
आम्ही उभं राहायचो. उभं राहता राहताच
प्रश्न निम्मा विरून जायचा.

ॲडमिशनच्या वेळी विचारलं होतं,
घरी इंग्लिश बोलता का?
येस, म्हणाले मी.
त्या पाऊण तासातला माझा तेवढाच शब्द
बिनचूक होता, आणि खोटा.
फी तीन हप्त्यांत भरते.
दुसरा दिवाळीच्या तोंडावर येतो.
त्याचा आणि त्या एका मार्काचा
काही संबंध नाही, असं मी स्वतःला सांगते.
संबंध आहे.

रात्री दिवा घालवल्यावर ती मोजायला लागते.
एकोणीस. एकोणतीस. एकोणचाळीस.
चव घेत, जिभेवर घोळवत,
एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद,
आणि उड्या मारत: एकोणशंभर!
नाही गं, नव्व्याण्णव.
"का? तिथे एक उणा नाहीये?"
आहे.
"मग?"
कधी लक्षातच आलं नव्हतं.
एवढा जन्म मराठीत गेला,
आणि शंभराच्या अगदी उंबऱ्यावर
भाषा उणं मोजायचं सोडून देते,
सरळ नऊ आणि नव्वद म्हणते,
हे मला आठ वर्षांच्या पोरीकडून.

उद्या कुरियन टीचरना विचार, मी म्हणते.
"त्यांना मराठी येत नाही. तू शोध."
आणि ती कुशीवर वळते,
मला गृहपाठ देऊन.

ओट्यावर उद्याच्या डब्याची भेंडी.
देठ काढता काढता मी सुरुवातीपासून म्हणून बघते,
हळू, तिला ऐकू जाणार नाही असं.
एकोणपन्नासला थांबते.
चाळीस, आणि वर नऊ.
पुन्हा म्हणते.
अजून तोंडात बसत नाही.